पुढचं नाव

“विशाल,” पाळकांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं, तरी चंद्रभागा बाकावरून हलली नाही.

वेदीपुढच्या टेबलावर नऊ मेणबत्त्या होत्या. पाच लागल्या होत्या, सहावी तिच्या वाट्याची. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या आधीचा हा रविवार म्हणजे हुबळीच्या या मराठी ख्रिस्ती मंडळीत वर्षभरात गेलेल्यांचा. पाळकांनी नाव घ्यायचं, घरच्या माणसानं उठून मेणबत्ती लावायची, आणि ती लागल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. मिशनरी साहेबांच्या काळापासूनचा नियम. पाळक बदलले, छत गळायला लागलं, पण या नियमाला कुणी हात लावला नव्हता.

पुढच्या बाकावरून सॅम्युअल मास्तर वळले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण मंडळीचे पंच म्हणून ते अजूनही सगळ्यांची हजेरी घेत. मेणबत्त्यांखालच्या चिठ्ठ्या त्यांच्याच वळणदार अक्षरातल्या.

“चंद्रभागाबाई, उठा. तुमचं नाव आलं.”

“माझ्या घरी विशाल नावाचं कुणी वारलं नाही, मास्तर.”

तिच्या मानानं ती हळू बोलली. पण दुर्गदबैलाच्या बाजारात तीस वर्षं कोथिंबीर विकून कमावलेला आवाज तो, पार शेवटच्या बाकापर्यंत गेला. माना वळल्या.

“माझी रेश्मा वारली. चिठ्ठीवर मी तेच लिहून दिलं होतं. तुम्ही खोडलंत.”

“खोडलं नाही, दुरुस्त केलं,” मास्तर म्हणाले. “बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात विशाल आहे. मुलगा म्हणून आणलंत, मुलगा म्हणून नोंद झाली. देवाच्या घरात तेच नाव चालतं.”

चंद्रभागेच्या अंगाचा तिळपापड झाला. राग मास्तरांचा होताच, त्याहून जास्त स्वतःचा होता. लेकरानं साडी नेसली, रेश्मा झालं, तेव्हा दोन वर्षं तिनंही हेच केलं होतं. विशाल, विशाल म्हणून हाका मारायच्या आणि ओ आली नाही की रडत बसायचं. ऑगस्टात कावीळ हाताबाहेर गेली, तेव्हा दवाखान्यातल्या खाटेपाशी पहिल्यांदा तिच्या तोंडून रेश्मा निघालं. पोरीनं डोळे उघडले. “काय गं अव्वा,” म्हणाली. तिसऱ्या दिवशी गेली.

आता मेल्यावर तरी पोरीला पुन्हा तीच हाक ऐकायला लावायची? छे!

दारातून एकानं डोकं आत घातलं. नऊच्या कन्नड उपासनेची माणसं बाहेर जमली होती. “आयता?” झालं का, असं त्यानं विचारलं.

“इन्नू इल्ल,” चंद्रभागेनंच उत्तर दिलं. अजून नाही म्हटल्यावर ते डोकं मुकाट्यानं मागं गेलं. त्याच्या पलीकडे, बाहेर काढलेल्या चपलांपाशी, रेश्माच्या तिघी मैत्रिणी, तिच्यासारख्याच, पांढऱ्या साड्यांत उभ्या होत्या. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि न बोलावता देवाच्या घरात शिरलं की काय होतं ते तिघींनाही चांगलं ठाऊक होतं.

चंद्रभागा मास्तरांकडे वळली. “मास्तर, तुमच्या आजोबांचं नाव काय?”

“डॅनियल. त्या भिंतीवर संगमरवरात कोरलंय, वाचा की.”

“आणि बाप्तिस्म्याच्या आधी?”

तिच्या शेजारच्या बाकावरून कमलअक्काचा म्हातारा आवाज आला, “दुर्गाप्पा. आमच्या सासूबाई सांगायच्या.”

कुणीतरी फसकन हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. “ते वेगळं! माणसाचा नवा जन्म झाला, म्हणून नवं नाव घेतलं.”

“मग माझी पोर दुसरं काय करत होती हो?”

मास्तर चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत बसले. चांगलाच स्वच्छ होता तो.

पाळक तरुण होते. त्यांना कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं आणि घड्याळ तर पुढं पळत होतं. “चंद्रभागाअक्का, लोक खोळंबलेत,” ते मऊ आवाजात म्हणाले. “तुमच्या वतीनं मी लावतो. देवाला सगळी नावं ठाऊक आहेत.”

“देवाला आहेत हो. नाव तुम्हाला घ्यायचंय.”

पाळकांनी तरीही काडी ओढली.

“विझवा ती काडी,” कमलअक्का म्हणाली. “पुढचं नाव आमच्या मालकांचं आहे. ते काही घाईत नाहीत. तिची लागल्याशिवाय मी उठायची नाही.”

नववी मेणबत्ती ज्याची होती तो मागच्या बाकावरचा माणूस हाताची घडी घालून आरामात टेकून बसला. आठवी ज्यांची होती त्या दोघी बहिणींनी पिशवीतून बाहेर काढलेली काडेपेटी परत पिशवीत टाकली. काडी जळत जळत पाळकांच्या बोटाशी आली. त्यांनी ती झटकली आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा चष्मा अजून पुसून व्हायचा होता.

पाळकांनी चिठ्ठी उचलली, उलटी ठेवली आणि ओठातल्या ओठात म्हणाले, “रेश्मा.”

चंद्रभागा उठली. पण टेबलाकडे पाऊल टाकायच्या आधी तिनं दाराकडे बोट केलं.

“मोठ्यानं घ्या, पाळकसाहेब. तिघी जणी चपलांपाशी उभ्या आहेत. त्यांना ऐकू गेलं नाही.”