हातातून निसटलेला चेंडू

इंग्लंडविरुद्धचा रग्बीचा सामना संपत आला होता. वेल्स जरासंच मागे होतं. तेवढ्यात वेल्सचा इल्टिड पारफिट चेंडू छातीशी धरून, तिघांना अंगावर घेत रेषेपलीकडे कोसळला. हातातला चेंडू तिथे जमिनीला टेकवला की गुण मिळतात; तो टेकला असं समजून पंचांनी शिट्टी फुंकली. वेल्स जिंकलं! स्वान्सीच्या मैदानावर टोप्या उडाल्या.

चिखलातून उठून इल्टिड पंचांपाशी गेला. "साहेब, जमिनीला टेकायच्या आधीच चेंडू हातातून निसटला होता माझ्या."

पंचांनी गुण रद्द केले आणि वेल्स हरलं. निवडकर्त्यांनी इल्टिडला पुन्हा कधी बोलावलं नाही. वेल्सच्या लाल जर्सीतली त्याची कारकीर्द त्या दुपारीच संपली.

सोमवारी तो कोळशाच्या खाणीत कामाला उतरला, तर दिवसभर कुणी त्याच्याशी चकार शब्द बोललं नाही. सुटी झाल्यावर म्हाताऱ्या गोमरने त्याला हाक मारली. भोवती सगळे खाणकामगार उभे होते.

"हातचा सामना इंग्लंडला देऊन टाकणारा वेल्श गडी मी उभ्या जन्मात पाहिला नाही रे!"

इल्टिडची मान खाली गेली. "काय करू, गोमरकाका? नव्हताच टेकला."

"तेच तर! खाणीत पेटणारा वायू साठलाय का, हे आमच्या वतीने बघायला माणूस निवडायचा होता. मालकांचा माणूस रोजच 'सगळं ठीक' म्हणतो. आत्ता सगळ्यांनी तुझं नाव घेतलंय. उद्यापासून तू ठीक म्हणालास, तरच आमची पोरं खाली उतरतील."