लाल नाव

फळ्यावर बत्तीस मुलांची नावं होती, एकतीस हिरवी आणि एक लाल. प्रश्न विचारण्याआधीच फळा ओळखायचा की उत्तर कोणाला येणार, आणि तेवढी नावं हिरवी करायचा. त्यामुळे सराव पाठात चुकीचं उत्तर मिळण्याची सोयच उरली नव्हती. तरीही कोणी ते मिळवलंच, तर तो शिकाऊ शिक्षक नापास.

वनिता मोहोडचा हा शेवटचा सराव पाठ होता. पास झाली तर नेमणूक, नाहीतर पुन्हा वर्षभर घरी.

मधल्या सुट्टीत तिने परीक्षक ढोबळे सरांना विचारलं, "सर, ही चैताली कधीपासून लाल आहे?"

"पहिलीपासून. आता सातवीत आहे. फळ्याचा अंदाज एकदासुद्धा चुकला नाही."

"चुकेल कसा? तिला कधी कोणी विचारलंय का?"

"लाल नावाला कोण विचारेल? हिरवं रान सोडून खडकावर नांगर कशाला घालता, मॅडम?"

तास सुरू झाला. एकोणीस प्रश्न, एकोणीस बरोबर उत्तरं. दाराशी बसलेले ढोबळे सर समाधानाने मान डोलावत होते.

विसाव्या प्रश्नाला वनिताने फळ्याकडे पाठ केली.

"चैताली, तू सांग."

ढोबळे सरांनी पेनाचं टोपण काढलं.

चैताली उठली नाही. या नावाचं आणखी कोण बसलंय, ते बघायला तिने मागे वळून पाहिलं.