आठवडी बाजारातला प्लेअर

शरयूने आठवडी बाजारातून भजनं ऐकायला स्वस्तातला, मुठीत मावणारा प्लेअर आणला. सोबतच्या कागदावर सगळी चिनी अक्षरं होती आणि खाली मराठीत एकच ओळ: ‘बटण दाबून ठेवणे, आवाज स्वतः येणे.’

दुपारी पडवीत बसून तिने बटण दाबलं. भजनाऐवजी त्यातून तिचीच किंकाळी आली, “अहो, सांभाळा!” पाठोपाठ कौलं फुटल्याचा आवाज. मग तिचं रडणं. तिने तर काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं.

ती अंगणात धावली. कौलं बदलायला तिचे यजमान, वामनराव, शिडी चढत होते.

“आधी खाली उतरा! माझी शपथ आहे!”

“अगं, झालं तरी काय?” कुरकुरत ते उतरले, तोच शिडी टेकवलेला वासा कडाडून मोडला आणि कौलं अंगणात कोसळली.

शरयूने सगळं सांगितलं. वामनरावांचा विश्वास बसेना. “आण बघू,” म्हणत त्यांनीच बटण दाबून धरलं.

या वेळी आवाज त्यांचा होता, रडवेला. “शरयू, अगं, ओ दे ना! शरयू!”

प्लेअरमधून कुणीच ओ दिली नाही. वामनरावांनी शेजारी उभ्या शरयूचा हात घट्ट धरला.