बघते

"ताई, हे वॉर्निशचं लेबल जरा नजरेखालून घाला. अर्जंट आहे," पॅकिंगवाला म्हणाला.

"बघते," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

रंगाच्या डब्यांवरची लेबलं छापायला जाण्याआधी तपासायची, एवढंच खरं तर तिचं काम. पण टेबलावर अख्ख्या ऑफिसचा पसारा. विक्रीवाल्यांची पत्रं, साहेबांचं भाषण, कुणाच्या तरी मेहुण्याचा बायोडेटासुद्धा. मध्यंतरी कंपनीने वेळेच्या नियोजनाचं शिबिर घेतलं. नको त्या कामाला सरळ 'नाही' म्हणा, असं तिथल्या बाईंनी घसा कोरडा करून सांगितलं. डोंबलाचं नियोजन. हिच्या तोंडून 'नाही' निघेना, म्हणून ही 'बघते' म्हणायला लागली. म्हणजे, बाबांनो, जमणार नाही, समजून घ्या. पण समजतंय कोण? कागद टेबलावर टाकून मंडळी मोकळी.

आज दुपारी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. साहेबांच्या कानावर तिने ते आधीच घातलं होतं. आता ती पुन्हा त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिली.

"साहेब, निघू का? आईचं ऑपरेशन आहे."

"हो का? बघतो," साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

ती जागेवर आली. वॉर्निशचं लेबल वाटच बघत होतं. तिचं डोकं असं काही सणकलं की तिने पर्स उचलली आणि परत केबिन गाठली.

"तुम्ही बघतो म्हणालात. मी ते 'हो' धरते. इथे सगळे तसंच धरतात."

साहेबांनी तोंड उघडेपर्यंत ती जिना उतरत होती. बसमध्ये मनातून तिला फार बरं वाटत होतं. हे आधीच करायला हवं होतं.

दवाखान्यात आई हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती. घराशेजारच्या काकू तिची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सह्याबिह्या त्यांनीच उरकल्या होत्या.

"अगंबाई, तू कशी काय आलीस?" आईने विचारलं.

"कशी काय म्हणजे? येशील का, असं तूच विचारलं होतंस ना? मग मी काय म्हणाले होते?"

"बघते म्हणाली होतीस," आई म्हणाली. "म्हणून तर यांना सांगून ठेवलं."