कठड्याचा ओला रंग

दुपारी चारला रंगाऱ्याला कड्यावरच्या कठड्याच्या ओल्या पांढऱ्या रंगात हाताचे ठसे दिसले. ठसे सगळ्यात खालच्या दांडीवर होते.

"तुमचाच हात लागला असेल," बायको ब्रश न थांबवता म्हणाली. "दरवर्षी निम्मा रंग तर तुम्हीच अंगावर घेऊन घरी येता."

"अगं, नीट बघ तरी. चार बोटं आपल्या बाजूला, अंगठा पलीकडे. दांडी अशी पलीकडूनच धरता येते."

पलीकडे सरळ तुटलेला कडा होता. तिथे कावळ्यालाही बसायला जागा नव्हती. रंगकामासाठी रस्ता बंद ठेवला होता. वर ते दोघं आणि शाळेला सुट्टी म्हणून सोबत आणलेली, टेम्पोत झोपलेली त्यांची लेक, एवढीच माणसं होती.

बायकोने वाकून खाली पाहिलं. कोणी नव्हतं. रंगाऱ्याने ठशांवरून ब्रश फिरवला आणि तो डबा भरायला ड्रमकडे गेला. परत येऊन पाहतो तर ठसे मधल्या दांडीवर.

"आवरा," बायको म्हणाली. तिच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "उरलेलं उद्या बघू."

ब्रश गोळा करताना रंगाऱ्याची नजर वरच्या दांडीवर गेली. तिथेही ठसे होते, पण उलटे. अंगठा अलीकडे, बोटं दरीकडे. कठड्याच्या आत उभं राहून धरल्यासारखे.

दोघंही टेम्पोकडे धावली.

लेक झोपल्यापासून दाराला दोघांपैकी कोणीच हात लावला नव्हता. दार बंदच होतं. त्याच्या मुठीवरचा पांढरा रंग अजून ओला होता.