पाचवी अवस्था

पेढा तोंडात असतानाच नम्रताला शंका आली. समोर पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या होत्या. सलाईनमधून औषध सोडणारा कंपनीचा नवा पंप ठरल्यापेक्षा जास्त औषध कधीच देणार नाही, हे गणिताने सिद्ध झालं होतं. सकाळीच दामले सरांनी सही ठोकली, आणि दोन पंप सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात चाचणीसाठी रवानाही झाले. पण आठवडाभर अडून बसलेली सिद्धता अशी सुखासुखी सुटली कशी, हे काही तिला उमगेना.

तिने व्याख्या उघडली. पंप ज्या ज्या अवस्थांत असू शकतो, त्यांची ती यादी. सिद्धता तपासणारा प्रोग्राम महाकाटेकोर. पण यादीत जी अवस्था नाही, ती त्याच्या लेखी जगातच नाही. चालू, बंद, थांबवलेला, नळीत हवा. चारच. पाचवी कुठे गेली?

पाचवी तिनेच झाकली होती. ‘बॅटरी बदलताना’ ही अवस्था लिहिली की प्रोग्राम चूक दाखवायचा. जिची व्याख्या अजून पुरी व्हायची आहे, तीच गोष्ट तयार असल्यासारखी वापरताय, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी वैतागून तिने त्या ओळीची कॉमेंट करून टाकली, म्हणजे प्रोग्रामने ती वाचूच नये. तात्पुरती हो. असं सगळेच करतात, आणि मग सगळेच विसरतात.

 तिने ओळ परत आणली. तिच्यात बॅटरी काढण्याआधीची अख्खी अवस्था कोंबण्याऐवजी तोवर दिलेल्या औषधाचा आकडा तेवढा ठेवला. चूक गेली, व्याख्या मान्य झाली. देवाचं नाव घेऊन तिने सिद्धता पुन्हा चालवली. शेवटची ओळ लाल झाली. बॅटरी काढली की पंप तो आकडाच विसरत होता.

गप्प बसावं, असंही क्षणभर वाटून गेलं. नोकरी कायम व्हायला दहा दिवस उरले होते. त्या विचाराची मात्र तिला लाल ओळीपेक्षा जास्त भीती वाटली, आणि ती उठून तडक सरांच्या केबिनमध्ये गेली. पुन्हा तपासायला हवं, एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

“नम्रताबाई, हिरवं झाल्यावर घाबरणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय,” दामले सर म्हणाले.

“सर, बॅटरी बदलली की पंप तोच डोस परत देतोय.”

सरांनी पेढ्यांचा बॉक्स बाजूला सारला. दवाखान्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. प्रेमला नावाच्या सिस्टरने उचलला. पंप झकास चालतोय, आल्या आल्या एका आजोबांना लावलाय, ते निवांत झोपलेत, असं ती कौतुकाने सांगू लागली. सरांना मध्ये बोलायला तिने जागाच ठेवली नाही.

“फक्त बॅटरीचा दिवा लागलाय. आमची नर्स हिरा ती बदलतेच आहे. थांबा हं, झाली का बघून येते.”

टेबलावर रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. बॅटरी काढू नका, काढू नका, असं नम्रता फोनमध्ये सांगत राहिली. पलीकडे प्रेमलाच्या चपलांचा आवाज वॉर्डाच्या दिशेने लांब लांब जात होता.