मध्यंतरापर्यंतचा अब्राहाम

"मध्यंतर झालं की टीव्ही बंद करायचा. विसरू नकोस."

करुणाताईंनी चप्पल घालता घालता हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा नॅन्सी हसली होती. "अहो ताई, पिक्चरच तर आहे. आणि आजींना सकाळची भाकरी दुपारी आठवत नाही."

ताई हसल्या नाहीत. "अब्राहाम मरतो त्यात," एवढंच म्हणाल्या आणि दौंडची गाडी पकडायला निघाल्या. दवाखान्यात त्यांची रविवारीही ड्यूटी असायची. आईला, दयाबाईंना, त्या शेजारच्या नॅन्सीवर सोपवून जात.

अब्राहाम म्हणजे ताईंचा भाऊ, दयाबाईंचा थोरला. सिनेमात तो हिरोचा मित्र व्हायचा. हिरोचा निरोप पोचवायचा, हिरोच्या वाटचा मार खायचा. जन्मभर तेवढंच केलं, पण मन लावून केलं. गेल्या वर्षी मुंबईत, भाड्याच्या खोलीत, तो खरोखरच गेला. दार फोडावं लागलं. केडगावच्या कब्रस्तानात माती देताना दयाबाईंनी पेटीवर हात ठेवला होता, आणि आठवड्यातच विचारायला लागल्या, "अब्राहामचा फोन आलता का गं?"

ताईंनी सांगून टाकलं, शूटिंगला गेलाय, लांब. मग गल्लीतले सगळे तेच सांगू लागले. चर्चच्या पाळकसाहेबांनी तेवढी तोंडानं लबाडी केली नाही, नुसती मान डोलावली.

पुढे एका रविवारी तो पिक्चर पुन्हा लागला. नॅन्सीच्या लेकीचं, एंजलचं, अंग चर्चमधून आल्यापासून गरम लागत होतं. नॅन्सी तिच्या कपाळाला हात लावायची, मग गालाला, मग आपलाच हात गरम आहे की काय म्हणून स्वतःच्या कपाळाला. आज केविनही उपासनेला आला नव्हता. नॅन्सीचा धाकटा भाऊ, सणसवाडीला कंपनीत, खोली करून एकटाच राहायचा. नाइट करून झोपला असेल, तिनं मनाशी म्हटलं. उद्या करू फोन.

दयाबाई टीव्हीसमोर खूश होत्या. "बघ, बघ, कसा पळतोय माझा गुलाम! त्या हिरोला काय येतंय? नुसता केस उडवतोय. सगळं ह्यानंच करायचं."

मध्यंतराची पाटी आली आणि तेवढ्यात एंजलला उलटी झाली. नॅन्सी तिला उचलून मोरीत धावली. तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, थर्मामीटर शोधला. आणि बाहेरच्या खोलीतून बायकांचा हंबरडा ऐकू आला.

ती पोरीला खांद्यावर टाकून तशीच बाहेर आली. पडद्यावर नदीची वाळू होती. अब्राहामचं डोकं हिरोच्या मांडीवर होतं आणि भोवती अख्खं गाव गोळा झालेलं. रिमोट कुठं दिसेना. उशीखाली नाही, पलंगाखाली नाही.

"ऱ्हाऊ दे," दयाबाई म्हणाल्या.

"आजी, ते खोटं असतं. तुम्ही बघू नका."

"म्हाईत हाय मला, खोटं कंचं आन् खरं कंचं."

त्या भिंतीला धरून उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि पडद्यावरच्या चेहऱ्यावर तळवा ठेवला. "पेटीला खिळे मारून आणला त्याला. तोंड बघू दिलं न्हाई मला कुणी. करुणा म्हनली, बघण्यासारखं ऱ्हायलं न्हाई."

नॅन्सी रिमोट शोधायची थांबली. "तुम्हाला सगळं आठवतं? मग रोज फोनचं का विचारता?"

"म्या इचारते म्हणून करुणा रडत न्हाई. खोटं सांगण्यात गुतून ऱ्हाती बिचारी." दयाबाईंनी मागं वळून पाहिलं. "तिला सांगू नगंस."

नॅन्सीनं मान हलवली. पडद्यावर माणसं अजून रडत होती. दयाबाई आता त्यांच्याकडं बघू लागल्या, एकेकाला बोट लावत.

"मांडवगणात झालं हे शूटिंग, म्या बी गेलते बघायला. सगळी तिथलीच माणसं. ह्यो पोपटराव, बघ कसा रडतोय. ही सोजराबाई. हिला रडणं थांबव म्हनलं तरी थांबंना, अब्राहामनं उठून पाणी पाजलं तिला तवा कुठं गप झाली." त्या जराशा हसल्या. मग तळवा पडद्यावरून काढून घेतला. "खोटा मेला तवा एवढी माणसं. खरा मेला तवा दार वाजवायला एक न्हाई."

एंजल खांद्यावर झोपली होती. आता तिच्या मानेला घाम आला होता. ताप उतरत होता.

"लोकास्नी काय बोलू," दयाबाई टीव्हीपाशीच उभ्या राहून म्हणाल्या. "त्या आठवड्यात म्या तरी कुठं फोन केला? म्हनलं, शूटिंगात आसंल. उद्या करू."

टीव्हीवर जाहिराती लागल्या. दयाबाईंनी पदरानं पडद्यावरचा आपल्या हाताचा डाग पुसला आणि पुन्हा पलंगावर येऊन बसल्या, तो परत दिसेल अशा बेतानं.

नॅन्सीनं एका हातानं पोरीला सावरलं आणि दुसऱ्या हातानं केविनला फोन लावला.

रिंग जातेय. अजून उचललेला नाही. तो उचलेपर्यंत तुम्हीही लावून बघा. खोली करून एकटं राहणारं तुमचंही कुणीतरी असेल.